टायटॅनोसॉरसची शेपटी आणि पिसदुऱ्याचं शेण

जुलै २०२५मध्ये ‘जुरासिक वर्ल्ड : रीबर्थ’ लागला आणि मालिकेच्या चाहत्यांनी थिएटरमधून बाहेर पडता पडताच चुका मोजायला घेतल्या. १९९३च्या ‘जुरासिक पार्क’पासून ही रीतच पडली आहे. चित्रपट जगभरात ८० कोटी डॉलरच्या वर कमावतो, समीक्षक नाकं मुरडतात आणि पक्का चाहता दोघांकडेही दुर्लक्ष करून विचारतो, “पण त्या प्राण्याची शेपटी एवढी लांब कशी?”

रीबर्थ हा सातवा भाग. दिग्दर्शन गॅरेथ एडवर्ड्सचं, पटकथा पहिल्या भागाच्या पटकथेत हात असलेल्या डेव्हिड केपची. हृदयविकारावरच्या औषधासाठी एका कंपनीला समुद्र, जमीन आणि आकाश यांतल्या सर्वांत मोठ्या तीन प्राण्यांचं रक्त हवं असतं : मोसासॉरस, टायटॅनोसॉरस आणि क्वेट्झलकोअॅटलस. चाहत्यांनी कशाला टाळ्या दिल्या आणि कशाला नाही, हे बऱ्यापैकी ठरलेलं होतं. नदीकाठी झोपलेल्या टी. रेक्सशेजारून रबरी होडी नेण्याचा प्रसंग सर्वांना आवडला, कारण मायकेल क्रायटनच्या १९९०च्या कादंबरीत तो होता, पहिल्या चित्रपटात गाळला गेला होता आणि वाचक मंडळी तीस वर्षांवर त्याची वाट पाहत होती. प्रयोगशाळेतला अख्खा अनर्थ चॉकलेटच्या एका कागदामुळे घडतो, याची यथेच्छ टिंगल झाली. ‘डिस्टॉर्टस रेक्स’ नावाचा सहा पायांचा, डोकं सुजलेला राक्षस मात्र बहुतेकांना रुचला नाही.

टायटॅनोसॉरसच्या प्रसंगावर मात्र खरी मतं फुटली. उंच गवतातून चालणाऱ्या माणसांसमोर डोंगराएवढे प्राणी उभे राहतात, माना एकमेकांभोवती गुंफतात, मागे जॉन विल्यम्सची जुनी धून वाजते. अनेकांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याच अनेकांनी नंतर तीन हरकती घेतल्या. एक, टायटॅनोसॉरस हे नाव शास्त्रज्ञांनी केव्हाच बाद ठरवलंय. दोन, असल्या प्राण्याला चाबकासारखी लांबलचक शेपटी नव्हती. तीन, डायनोसॉरच्या काळात गवत कुठलं?

या तिन्ही हरकतींची सुनावणी चंद्रपूर जिल्ह्यात होऊ शकते. आनंदवनामुळे राज्याला ठाऊक असलेल्या वरोरा तालुक्यात पिसदुरा आणि डोंगरगाव ही दोन गावं आहेत. हॉलिवूडच्या त्या प्राण्याचं नाव, शरीर आणि जेवण या तिन्हींचा पुरावा तिथल्या मातीतून निघाला आहे.

आधी नावाचं पाहू. १८२८मध्ये, म्हणजे ‘डायनोसॉर’ हा शब्द जन्माला येण्याच्या चौदा वर्षं आधी, जबलपूरजवळच्या बडा शिमला टेकडीत कॅप्टन विल्यम स्लीमनला काही मोठी हाडं सापडली. ठगांचा बंदोबस्त करणारा तोच हा स्लीमन. हाडं हातोहात कलकत्त्याला पोचली. १८७७मध्ये रिचर्ड लायडेकरने शेपटीचे दोन मणके आणि मांडीचं एक हाड एवढ्या भांडवलावर नवा प्राणी जाहीर केला : ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’. दोनच वर्षांनी त्याने दुसरी जात जोडली, ‘टायटॅनोसॉरस ब्लॅनफोर्डी’, आणि ती पिसदुऱ्याच्या मणक्यांवरून. पिसदुऱ्याकडे अभ्यासकांचं लक्ष वेधलं होतं ते नागपूरचे स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं. धर्मप्रचारासाठी आलेला हा माणूस वाटेत दिसेल तो दगड उचलून पाहायचा. १८६३मध्ये टाकळघाटजवळ पूर आलेली नदी ओलांडताना ते बुडाले, नाहीतर विदर्भाच्या भूगर्भाबद्दल आपल्याला आणखी बरंच आधी कळलं असतं.

लायडेकरने नवा प्राणी ओळखला तो एका खुणेवरून. बहुतेक सॉरोपॉडांच्या शेपटीचे मणके दोन्ही बाजूंनी सपाटसर असतात. या मणक्यांची पुढची बाजू मात्र खोलगट होती आणि मागची गोल, म्हणजे एकाचा गोळा दुसऱ्याच्या खळग्यात बसणारा उखळीचा सांधा. १८७७मध्ये ही खूण अपूर्व होती. पण पुढच्या शंभर वर्षांत दक्षिण अमेरिका, मादागास्कर, युरोप असे सगळीकडे असेच मणके निघू लागले आणि दिसला उखळी मणका की म्हण टायटॅनोसॉरस, असं होऊन डझनावर जाती त्या एका नावाखाली गोळा झाल्या. शेवटी २००३मध्ये जेफ्री विल्सन आणि पॉल अपचर्च यांनी सगळा पसारा उघडून पाहिला. त्यांचा निष्कर्ष असा की ही खूण आता एका प्राण्याची राहिलेली नाही, ती अख्ख्या कुळाची आहे. जबलपूरच्या मणक्यांत दुसरं वेगळेपण नाही, म्हणून ‘टायटॅनोसॉरस’ हे प्रजातीचं नाव वापरण्याजोगं नाही. कुळाचं नाव म्हणून ‘टायटॅनोसॉर’ मात्र चालू राहिलं.

पहिली हरकत त्यामुळे मान्य. पण त्याच निबंधात चंद्रपूरच्या पदरात एक गोष्ट पडली. डोंगरगावच्या टेकडीत १९८०च्या दशकात कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या लोकांनी एका टायटॅनोसॉरचा सांगाडा खणून काढला होता. मान, पाठ आणि शेपटी यांचे मणके, कंबर, पुढच्या पायाची हाडं, आणि ही सगळी एकाच प्राण्याची. आपल्याकडे सुटी हाडं पुष्कळ मिळतात, एकमेकांशी नातं सांगणारी फार थोडी. सोहनलाल जैन आणि शाश्वती बंदोपाध्याय यांनी १९९७मध्ये त्याला ‘टायटॅनोसॉरस कोलबर्टी’ म्हटलं. विल्सन आणि अपचर्च यांनी जुनं नाव मोडीत काढलं तेव्हा हा सांगाडा मात्र स्वतःच्या पायावर उभा राहिला, आणि त्याला संस्थेच्या आद्याक्षरांवरून नवं नाव मिळालं, ‘इसिसॉरस’. भारतातल्या टायटॅनोसॉरांत शरीराची नीट कल्पना देणारा सर्वांत चांगला प्राणी तोच. पटकथाकाराने वरोरा तालुक्याकडे पाहिलं असतं तर चाहत्यांची पहिली हरकत जागच्या जागी मिटली असती. अर्थात ‘टायटॅनोसॉरस’ या शब्दाचा दरारा ‘इसिसॉरस’ला नाही, आणि तिकिटं दराऱ्यावर खपतात.

जबलपूरच्या त्या मूळ मणक्यांची कथा अजून एक वळण घेते. ते मधल्या काळात हरवले होते. नागपूरला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात आयुष्य घातलेले धनंजय मोहबे आणि त्यांचे सहकारी यांना २०१२मध्ये त्यांतला एक कोलकात्याच्या संग्रहातच सापडला. भारताचा पहिला डायनोसॉर असा पावणेदोनशेहून जास्त वर्षांनी घरातच मिळाला.

आता शेपटी. चाबकासारखी निमुळती, टोकाला बारीक बारीक मणक्यांची शेपटी हे डिप्लोडोकस आणि त्याच्या भाऊबंदांचं लक्षण. टायटॅनोसॉरांची शेपटी साधारणपणे आखूड असे, आणि उखळीच्या सांध्यांमुळे लवचिक. चित्रपटातल्या शेपट्या सुंदर दिसतात, पण त्या दुसऱ्याच कुळाकडून उसन्या आणलेल्या आहेत. इसिसॉरसचं शरीर तर आणखी निराळं. पुढच्या पायाचं दंडाचं हाडच सुमारे दीड मीटरचं, त्यामुळे खांदे उंच आणि पाठ मागे उतरती, मान जाड आणि आखूड. देखणा म्हणता येणार नाही असा हा प्राणी प्रणयदृश्यात कसा दिसला असता, याचा विचार दिग्दर्शकाने केला असावा.

दुसरी हरकतही मान्य करावी लागते. फक्त एक पुरवणी जोडतो, जी चाहत्यांच्या यादीत दिसली नाही. सगळे शेपटीवर तुटून पडले, पण प्रेक्षकांच्या डोळ्यांत पाणी आणणारा तो शांत चेहरा कुठून आला? टायटॅनोसॉरस इंडिकसचा चेहरा कुणीही पाहिलेला नाही. डोंगरगावच्या सांगाड्यालाही कवटी नव्हती. सॉरोपॉडांचं डोकं शरीराच्या मानाने इवलंसं आणि हाडं पातळ. मढं कुजलं की मान आणि डोकं आधी सुटतं, पाण्याबरोबर वाहून जातं, फुटतं. पडद्यावर सर्वांत खरा वाटतो तो भाग शंभर टक्के कल्पनेचा आहे, हे मला या चित्रपटातलं सर्वांत मोठं कसब वाटतं.

मालिकेचे कैवारी इथे नेहमीचं उत्तर देतात, आणि ते बिनतोड आहे. या कथेतले प्राणी मुळात खरे नाहीतच. पहिल्याच चित्रपटात डीएनएमधल्या गाळलेल्या जागा बेडकाच्या डीएनएने भरल्या होत्या. शेपटी लांब झाली तर बेडकाला विचारा! तशी ती गाळलेली जागा भरून न येणारीच आहे. आजवर वाचता आलेला सर्वांत जुना डीएनए ग्रीनलंडच्या गोठलेल्या मातीतला, सुमारे २० लाख वर्षांपूर्वीचा. डायनोसॉर संपले त्याला ६ कोटी ६० लाख वर्षं झाली.

पण डीएनए टिकला नाही म्हणून सगळंच गेलं असं नाही, आणि इथे तिसरी हरकत येते, गवताची. माझ्या मते हा सगळ्या प्रकरणातला सर्वांत रसाळ भाग आहे, जरी त्याचं मूळ शेणात असलं तरी.

१९९३च्या चित्रपटातला एक प्रसंग आठवतो का? आजारी ट्रायसेरॅटॉप्सशेजारी माणसाएवढा शेणाचा ढीग असतो आणि लॉरा डर्नने रंगवलेली एली सॅटलर कोपरापर्यंत हात घालून त्यात काहीतरी शोधते. १९९४मध्ये हिंदीत भाषांतरित होऊन तो चित्रपट आपल्याकडे गावोगावी पोचला, तेव्हा या प्रसंगाला हशा हमखास असायचा. एली ही प्राचीन वनस्पतींची अभ्यासक आहे आणि प्राण्याने काय खाल्लं ते शोधतेय. सातही चित्रपटांत शास्त्रज्ञांच्या रोजच्या कामाच्या इतक्या जवळ जाणारा दुसरा प्रसंग मला सापडत नाही.

पिसदुऱ्याच्या शिवारात असं शेण दगड होऊन पडलेलं आहे. चार्ल्स मॅटली या भूवैज्ञानिकाने १९३९मध्ये त्यावर स्वतंत्र निबंध लिहिला आणि आकार-पोतावरून त्याचे प्रकार पाडले. मोठे गोळे टायटॅनोसॉरांचे असावेत असं मानतात, कारण त्याच थरांत त्यांचीच हाडं मुबलक आहेत. हे गोळे पातळ कापून, आम्लात विरघळवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येतात. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेच्या वंदना प्रसाद, स्वीडनच्या कॅरोलीन स्ट्रॉमबर्ग, हबीब अलिमोहम्मदियन आणि अशोक साहनी यांनी तेच केलं. २००५मध्ये त्यांचा शोधनिबंध ‘सायन्स’मध्ये छापून आला आणि पाठ्यपुस्तकातलं एक वाक्य बदलावं लागलं.

ते वाक्य असं होतं : गवत डायनोसॉर संपल्यावर आलं. गवताचे निर्विवाद जीवाश्म त्यानंतरचेच मिळत होते. म्हणूनच डायनोसॉरांचे माहितीपट काढणारे चित्रीकरणासाठी गवत नसलेली जमीन शोधत फिरायचे, आणि ‘द लॉस्ट वर्ल्ड’मध्ये उंच गवतातून व्हेलोसिरॅप्टर धावले तेव्हा जाणकारांनी कपाळाला हात लावला होता. पिसदुऱ्याच्या शेणात मात्र गवताचे फायटोलिथ निघाले, तेही निदान पाच निरनिराळ्या गटांचे.

फायटोलिथ म्हणजे काय, हे पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीतल्या, म्हणजे धानाच्या पट्ट्यातल्या, कुणालाही बोटांनी ठाऊक आहे. धान कापताना पातं बोट चिरतं ते त्यातल्या सिलिकामुळे. गवत मुळांवाटे मातीतली सिलिका उचलतं आणि पेशींमध्ये साठवतं. पेशी मरते, कुजते, पण तिच्या आकाराचा काचेसारखा कण मागे राहतो. धानाच्या तुसाची राख करा, तिचा बराचसा भाग सिलिकाच असतो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावच्या राइस मिलमधली राख असो की मेलेल्या प्राण्याचं पोट, हा कण सहसा नष्ट होत नाही. शिवाय गवताच्या प्रत्येक गटात त्या कणाचा आकार ठरलेला, कुठे डंबेलसारखा, कुठे खोगिरासारखा. त्यावरून गवताची वंशावळ लावता येते.

२०११मध्ये याच गटाने पुढची गोष्ट सांगितली, ‘नेचर कम्युनिकेशन्स’मधून. पिसदुऱ्याच्या फायटोलिथांपैकी काही थेट धानाच्या कुळाशी, ओरायझी या गटाशी जुळत होते. आज ज्या जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या बांध्यांमध्ये धान डोलतं, त्याच जिल्ह्यात धानाचे दूरचे पूर्वज डायनोसॉरच्या पोटात गेले होते. यावरून कुणी “डायनोसॉर भात खायचे” असा मथळा दिला तर तो अतिशयोक्तीचा ठरेल. त्या शेणात गवताचा वाटा थोडाच होता. ताड, सूचिपर्णी, सायकॅड, फुलझाडं असं जे पुढ्यात येईल ते त्यांनी खाल्लेलं दिसतं. एवढं मोठं पोट भरायचं तर आवडीनिवडी परवडत नसाव्यात.

तेव्हा तिसऱ्या हरकतीचा निकाल अर्धा-अर्धा. गवत होतं, आणि तेही नेमकं टायटॅनोसॉरांच्या तोंडाशी. पण रीबर्थमध्ये दिसतं तसं क्षितिजापर्यंत पसरलेलं कुरण असल्याचा पुरावा नाही. मोकळी गवताळ मैदानं पुष्कळ नंतरची. तळ्याकाठी, झाडांच्या सावलीत गवताचे पुंजके, असं त्या वेळच्या वरोऱ्याचं चित्र असावं. डोंगरगाव-पिसदुरा परिसरातले हे लॅमेटा थर नद्या आणि तळ्यांच्या गाळाचे आहेत, आणि त्यांच्यावर दख्खनचा लाव्हा येऊन बसला. भारत तेव्हा आफ्रिकेपासून आणि मादागास्करपासून सुटून एकटाच उत्तरेकडे सरकत होता.

चाहत्यांची आणखी एक नाराजी उरते, त्या सहापायी राक्षसाची. खरे प्राणी पुरेसे भीतिदायक असताना बनावट कशाला, असं त्यांचं म्हणणं. पिसदुरा त्यांच्याच बाजूने साक्ष देतं. २०११मध्ये मोहबे, जेसन हेड आणि विल्सन यांनी इथल्या मणक्यांवरून एका सापाची नवी जात जाहीर केली, ‘माडत्सोइया पिसदुरेन्सिस’. लांबी अंदाजे पाच मीटर, आणि नातेवाईक मादागास्करचे. तळ्याच्या काठावर टायटॅनोसॉर पाणी पितायत आणि पाण्यातून हा साप डोकं वर काढतोय, एवढं दाखवलं असतं तरी प्रेक्षक खुर्चीला खिळला असता, आणि बेडकाच्या डीएनएची गरजही पडली नसती.

मालिकेच्या नावावर घेतली जाणारी जुनी हरकत तर सर्वांना पाठ आहे : टी. रेक्स, व्हेलोसिरॅप्टर, ट्रायसेरॅटॉप्स हे मुख्य नट जुरासिक काळातले नाहीतच, ते क्रिटेशिअस काळातले. पिसदुरा-डोंगरगावही क्रिटेशिअसच. अस्सल जुरासिक हवं असेल तर वरोऱ्याहून दक्षिणेला, गडचिरोलीच्या टोकाला जावं लागतं. सिरोंचा तालुक्यात प्राणहिता गोदावरीला मिळते तिथले खडक ‘कोटा फॉर्मेशन’ म्हणून जगभर ओळखले जातात, आणि हे नाव प्राणहितेकाठच्या कोटा या गावाचं आहे. (चंद्रपूरच्या कोळशाचा डायनोसॉरशी संबंध जोडणाऱ्यांसाठी : तो या सगळ्याहून जुना, डायनोसॉर जन्मायच्या आधीच्या जंगलांचा.)

प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९५७मध्ये लंडनच्या पामेला रॉबिन्सन यांना इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये बोलावलं आणि संख्याशास्त्राच्या संस्थेत जीवाश्मांचा विभाग उभा राहिला. त्यांच्या तरुण मंडळींनी प्राणहिता-गोदावरीचं खोरं पालथं घातलं. सिरोंचा तालुक्यातल्या पोचमपल्ली गावाजवळ त्यांना हाडांची खाणच लागली. सुमारे तीनशे हाडं, किमान सहा प्राण्यांची, आणि त्यांच्यासोबत दगड झालेले झाडांचे भलेमोठे बुंधे. कळपावर पूर कोसळला असावा आणि प्राणी, झाडं एकत्रच वाहत येऊन गाळात रुतली असावीत असा अंदाज आहे. मुख्य उत्खनन झालं १९६१च्या सुमारास, रवींद्रनाथ ठाकूरांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, म्हणून १९७५मध्ये प्राण्याचं बारसं झालं ते ‘बारापासॉरस टागोराय’ असं.

सुमारे १४ मीटर लांब, मांडीचं हाड १.७ मीटर. जगातल्या सर्वांत जुन्या मोठ्या सॉरोपॉडांपैकी हा एक, १८ कोटी वर्षांच्या आसपासचा. त्याचे पाय खांबासारखे झालेले आहेत, पण नंतरच्या सॉरोपॉडांच्या मणक्यांना वजन घटवण्यासाठी ज्या खोल पोकळ्या पडल्या त्या इथे नुसत्या उथळ खळग्यांच्या रूपात दिसतात. राक्षसी देह हलका कसा करायचा, हा प्रयोग सिरोंच्यात सुरू झालेला आणि डोंगरगावात पुरा झालेला पाहता येतो. मधलं अंतर ११ कोटी वर्षांहून जास्त. इसिसॉरस आणि आपण यांच्यामधल्या काळाहून हा काळ मोठा आहे. टी. रेक्सला जुरासिक म्हणणं किती मोठी थाप आहे, ते यावरून कळतं.

रीबर्थ भारतात इंग्रजीबरोबर हिंदी, तमिळ आणि तेलुगूतही निघाला, त्यामुळे तेलुगू बोलणाऱ्या सिरोंच्याच्या प्रेक्षकाला तो घरच्या भाषेत ऐकता आला. बारापासॉरसला सातही भागांत काम मिळालेलं नाही. तालुक्यात वडधम इथे वनविभागाचं जीवाश्म उद्यान आहे. तिथे दगड झालेले बुंधे पाहता येतात. खुद्द पोचमपल्लीच्या प्राण्याचा सांगाडा पाहायचा असेल, तर गडचिरोलीच्या मुलांना कोलकात्याचं तिकीट काढावं लागतं. तो तिथल्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या संग्रहालयात उभा आहे.